कंटिंजंटच्या शिपायांचीं पदकें : त्यांच्या फिती व टांगण्या

जुन्या पदकाची परीक्षा करूं जातां आमचे बहुतेक संग्राहक चकतीवरील मुखवटा व अक्षरें पाहतात आणि तेवढ्यावर निर्णय देऊन मोकळे होतात. फीत मळलेली असली तर नवी आणून घालतात, वरची कडी वांकडी असली तर सोनाराकडून सरळ करून घेतात, व पदक मखमलीवर मांडून ठेवतात. पोथीचा पुठ्ठा व दोरा टाकून देऊन नुसतीं पानें जपणारा मनुष्य जें करतो, तेंच हें होय. चकती साच्यांतून निघते, व एका साच्याच्या हजारों चकत्या सारख्याच असतात. अमुक शिपायानें तें पदक कोठें मिळविलें, कसें वापरलें, व त्याच्या मागें घरांत त्या पदकाचें काय झालें, हें सांगणारा पुरावा चकतीच्या वर व भोंवतीं असतो. परभणी जिल्ह्यांत सांपडणाऱ्या पदकांसंबंधानें तर हें विशेषच खरें आहे.

परभणी जिल्हा इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि हिंगोली हें ठाणें १ मे १९९९ रोजीं त्याचा निराळा जिल्हा होईपर्यंत परभणींतच मोडत असे. या हिंगोलीस हैद्राबाद कंटिंजंटची छावणी होती. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या नांवानें व निजामाच्या पैशानें चालणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमांतील फौज. तिचें मूळ रेसिडेंट हेन्री रसेल यानें १८१३ च्या सुमारास उभारलेल्या रसेल ब्रिगेडमध्यें आहे. १८५३ च्या तहानें तिची नवी घडी बसली व तिच्या खर्चासाठीं वऱ्हाड इंग्रजांकडे गेलें. १९०३ सालीं कंटिंजंट हें नांव जाऊन तिच्या सहा पायदळ पलटणींस ९४ पासून ९९ पर्यंतचे अंक मिळाले, व त्या हिंदुस्थानच्या सैन्यांत मिसळल्या. त्याच सुमारास हिंगोलीची छावणीही उठली. १९२२ सालीं त्यांची १९ वी हैद्राबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ सालीं तिलाच कुमाऊं रेजिमेंट हें नांव पडलें. पलटणीचें नांव, अंक व ठिकाण हीं तिन्ही अशीं पालटत गेल्यामुळें "आमचे पणजे हिंगोलीच्या पलटणींत होते" एवढ्या घरगुती आठवणीवरून सरकारी दप्तरांत कांहीं शोधणें फार कठीण जातें. अशा घरांत उरलेलें पदक हाच काय तो धागा.

तो धागा जपला जात नाहीं याला एक कारण मनाचेंही आहे. १८५७ च्या जूनमध्यें औरंगाबादेस याच कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यांत उठावणी झाली व कित्येकांस देहान्त शासन मिळालें. आणि याच कंटिंजंटच्या तुकड्या १८५८ त सर ह्यू रोज याच्याबरोबर झांशी, काल्पी व ग्वाल्हेर येथें लढल्या. झांशीच्या राणीच्या विरुद्ध लढल्याबद्दल मिळालेलें रुप्याचें पदक घरांत ठेवावें कीं मुशींत घालावें, असा प्रश्न स्वराज्यानंतर एखाद्या नातवास पडला तर त्याला दोष देतां येत नाहीं. परंतु तें पदक गौरवाचें कीं लज्जेचें हा वाद निराळा, व तें साधन आहे कीं नाहीं हा प्रश्न निराळा. शत्रूच्या बाजूची बखर आम्ही जाळीत नाहीं.

आतां शब्दांविषयीं थोडें. पदक हा शब्द संस्कृतांत गळ्यांतील अलंकार या अर्थीं आहे, आणि त्याहून जुना निष्क शब्द वेदांत कंठभूषण या अर्थीं येऊन पुढें नाण्याचें नांव झाला. ऋग्वेदांतील 'निष्कग्रीव' म्हणजे गळ्यांत निष्क घातलेला पुरुष. पदक छातीवर टांचण्याची चाल युरोपाची. आमची चाल गळ्यांत घालण्याची, व कंपनी सरकारनें आरंभीं आमचीच चाल उचलली, हें पुढें दिसेल. फीत हा शब्द पोर्तुगीज 'फिता' यावरून आला, तेव्हां वस्तूबरोबर नांवही समुद्रावरूनच आलें. चकतीच्या माथ्यावरील ज्या आडव्या कमानींतून फीत ओंवतात तिला या लेखांत टांगणी, ती चकतीच्या कडेस धरून ठेवणाऱ्या धातूच्या पकडीस नखी, आणि लढाईचें किंवा मोहिमेचें नांव असलेल्या, टांगणीवर बसविलेल्या आडव्या तुकड्यास पट्टी असें म्हटलें आहे.

कंपनीच्या सर्वांत जुन्या युद्धपदकांपैकीं एक तें 'डेक्कन' पदक. १७७८ ते १७८४ या काळांत गुजराथ व पश्चिम हिंदुस्थानांत, म्हणजे मुख्यतः मराठ्यांशीं झालेल्या युद्धांत, लढलेल्या बंगालच्या फौजेस तें दिलें. कलकत्त्याच्या टांकसाळींत तें सोन्याचें व रुप्याचें, लहान व मोठें, अशा दोन आकारांत पाडलें. त्याच्या एका बाजूस फारशी लेख असून त्यांत हिजरी ११९९ व इसवी १७८४ अशीं दोन्ही सालें आहेत. त्याला फीत नाहीं. माथ्यावर एक साधी कडी, व तींत ओंवलेला पिवळा गोफ. तो गळ्यांत घालावयाचा. म्हणून असें पदक कोणी रुंद फितीवर, छातीवर टांचण्याच्या टांचणीसह दाखवील, तर चकती अस्सल असूनही मांडणी अर्वाचीन समजावी. १७९०-९२ च्या म्हैसूरच्या युद्धाचें पदकही याच जातीचें, पिवळ्या गोफाचें.

१७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पदकाशीं निजामाच्या राज्याचा संबंध आहे, कारण त्या मोहिमेंत मीर आलमच्या हाताखालीं निजामाची फौज होती. हें पदक इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळील सोहो टांकसाळींत पाडलें. त्याचा व्यास ४८ मिलिमीटर. कलकत्त्यास पाडलेलें त्याहून लहान, ४५ मिलिमीटरचें. वाघास लोळविणारा सिंह एका बाजूस, व किल्ल्यावरील हल्ला दुसऱ्या बाजूस. आमच्या दृष्टीनें त्यांत महत्त्वाचें हें कीं, पदकाबरोबर सरकारनें टांगणी दिली नव्हती. ज्याला मिळालें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें व आवडीप्रमाणें कडी बसवून घेतली. कोणीं सोन्याची, कोणीं रुप्याची, कोणीं चकतीस भोंक न पाडतां भोंवतीं वेढें घालून. म्हणून या पदकावर 'कडी मूळची नाहीं' असा आक्षेप घेण्यांत अर्थ नाहीं. येथें 'मूळची' याचा अर्थ 'पहिल्या मालकाच्या वेळची' एवढाच होऊं शकतो, आणि तें ठरविण्यास कडीची झीज पाहावी. कडी व गोफ यांचें घर्षण पन्नास वर्षें झालें असतां कडीच्या आंतल्या बाजूस वरच्या अंगाला खोलगट घळ पडते. ती घळ कानसेनें केलेली असली तर भिंगाखालीं समांतर रेघा दिसतात. वापरानें पडलेली असली तर गुळगुळीत असते.

पुढें फिती आल्या, व फितींबरोबर रंगांचे घोटाळे आले. १८३९ च्या गझनीच्या पदकाची फीत प्रथम अर्धी पिवळी व अर्धी हिरवी अशी ठरली. लवकरच पिवळ्याच्या जागीं किरमिजी रंग आला. म्हणजे दोन्ही फिती खऱ्या, पण पहिली विरळा. याहून मौजेची गोष्ट ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया या सन्मानाची. हिंदी अंमलदारांसाठीं तो १८३७ त सुरू झाला, आणि कंटिंजंटच्या सुभेदार-रिसालदारांच्या घराण्यांत 'सरदार बहादूर' किंवा 'बहादूर' ही पदवी ऐकूं येते ती याचीच. हा गळ्यांत घालावयाचा. त्याची फीत पहिल्यानें आकाशी होती. पण डोक्याच्या तेलानें आकाशी रंग वर्षभरांत कळकट होतो असें दिसून आल्यामुळें १८३८ त ती किरमिजी केली, असें सांगतात. आमच्याकडील खोबरेल तेलानें एका राजचिन्हाचा रंग पालटला, हें आमच्या इतिहासकारांनीं आवर्जून नोंदवावें असें आहे. १९३९ सालीं या किरमिजी फितीवर पहिल्या वर्गास दोन व दुसऱ्या वर्गास एक अशा बारीक निळ्या उभ्या रेघा आल्या. यावरून रेघा असलेली फीत एकोणिसाव्या शतकांतल्या सुभेदाराच्या चिन्हावर दिसली, तर ती मागाहून घातलेली, हें निःसंशय.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सर्वांत प्रिय व्हावें असें पदक म्हणजे १८५१ सालीं मंजूर झालेलें 'आर्मी ऑफ इंडिया'. अलीगड, दिल्ली, असई, आडगांव, गाविलगड, खडकी, पुणें, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगांव अशा नांवांच्या एकवीस पट्ट्या त्यास आहेत. फीत फिक्या निळ्या रंगाची. चकतीवर १७९९-१८२६ हीं सालें आहेत, व त्यांमधील आडवी रेघ कांहीं चकत्यांवर लांब व कांहींवर आंखूड असते. ज्या लढायांबद्दल तें दिलें त्यांतील पहिल्यांस जवळजवळ अर्धें शतक उलटलें होतें, व जिवंत असलेल्यासच मागतां येत असे. त्यामुळें हिंदी शिपायांस मिळालेलीं फारच थोडीं. या पदकाच्या पट्ट्यांचा क्रम इतरांहून उलटा आहे. साधारण नियम असा कीं पहिली पट्टी चकतीच्या अगदीं जवळ व नंतरच्या तिच्या वर चढत जातात. येथें शेवटची चकतीजवळ, व वाचीत यावयाचें तें वरून खालीं. एखाद्या चलाख दुकानदारानें सुट्या पट्ट्या जुळवून 'सुधारलेलें' पदक या एका खुणेवरून पकडतां येतें, कारण तो नेहमींच्या क्रमानें लावतो.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनें या पदकांत जें नाहीं तेंही पाहण्यासारखें आहे. १८१९ च्या जानेवारींत मेजर पिटमन याच्या हाताखालीं रसेल ब्रिगेडनें हटकर नाईक नोवसाजी याचा नोवा येथील किल्ला वेढून घेतला. आंत अरबांची शिबंदी होती. ती निकरानें लढली. हें हिंगोली-नांदेडच्या टापूंतलें युद्ध. रसेलच्या पलटणींच्या निशाणावर पुढें 'महिदपूर' व 'नोवा' हीं दोन्ही नांवें मानानें आलीं; पण पदकाच्या एकवीस पट्ट्यांत महिदपूर आहे आणि नोवा नाहीं. निशाणावरील मान पलटणीचा असतो व पट्टी माणसाची, हा भेद लक्षांत न राहिल्यामुळें 'नोव्याची पट्टी असलेलें पदक' शोधणारे लोक आहेत. तशी पट्टी कोणीं दाखविली तर ती पाडलेली नसून घडविलेली आहे.

आतां १८५७-५८ च्या पदकाकडे वळूं. फीत पांढरी, तिच्यावर दोन लाल पट्टे, रुंदी ३२ मिलिमीटर. मुखबाजूस राणीचा मुखवटा, मागें शिरस्त्राण घातलेली ब्रिटानिया व सिंह. टांगणीची कमान पाकळीसारख्या खांचांची असून ती याच पदकास वापरली. पट्ट्यांचीं टोकें मत्स्यपुच्छाप्रमाणें आंत वळलेलीं, व सांध्यावर लहानसें फूल. कंटिंजंटच्या शिपायास शोभणारी पट्टी 'सेंट्रल इंडिया' ही. जानेवारी ते जून १८५८ या काळांतील झांशी-काल्पी-ग्वाल्हेरच्या मोहिमेची. पण पट्टी नसलेलें पदकही पूर्णपणें खरें असूं शकतें, कारण पट्टीच्या मोहिमांबाहेर राहिलेल्या पुष्कळांस नुसतें पदक मिळालें.

याच्या नेमकें उलट १८५४ चें 'इंडिया जनरल सर्व्हिस' पदक. तें पट्टीवांचून कधींच दिलें गेलें नाहीं. पट्टी नसेल तर ती हरवली, असेंच धरावयाचें. याची फीत किरमिजी, तिच्यावर दोन गर्द निळे पट्टे, रुंदी तीच ३२ मिलिमीटर. १८९५ पर्यंत सुमारें चाळीस वर्षें हीच चकती चालली. राणी १८७६ त सम्राज्ञी झाली तरी चकतीवरचा तिचा किताब पालटला नाहीं. तेव्हां चकतीवरून काळ ठरवूं म्हणणाराचें येथें कांहीं चालत नाहीं. काळ सांगते ती पट्टी. कंटिंजंटच्या तुकड्या १८८६ नंतर ब्रह्मदेशांत गेल्या, व 'बर्मा' असें नांव असलेल्या पट्ट्यांचीं पदकें त्यांस मिळालीं. याच ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून पाणके, धोबी, डोलीवाले अशा सैन्याबरोबरच्या नोकरांस कांशाचीं पदकें देण्यास आरंभ झाला. कांशाचें पदक पाहून 'मुलामा उडालेलें' किंवा 'नकली' म्हणून तें भंगारांत टाकणारे आम्हांस भेटले आहेत. वस्तुतः ज्यांचीं नांवें दुसऱ्या कोठेंही नोंदलेलीं नाहींत अशा माणसांचीं तीं पदकें होत, व आमच्या मतें रुप्याच्यांहून तीं अधिक मोलाचीं.

टांगणी व पट्टी यांकडे इतकें बारकाईनें पाहण्याची गरज सर्वत्र सारखी नसते. जपाननें युरोपीय धर्तीचीं पदकें १८७५ च्या सुमारास उचललीं, तेव्हां त्यांनीं युद्धपदकाच्या टांगणीच्या आडव्या पट्टीवरच तें युद्धसेवेचें चिन्ह असल्याचें चार चिनी अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, लिहून टाकलें. १८९४-९५ च्या चीन-युद्धाचें त्यांचें पदक तर शत्रूपासून घेतलेल्या तोफांच्या धातूचें आहे. तेथें टांगणी स्वतः बोलते. आमच्याकडील टांगणी मुकी. तिच्या आकारावरून ओळखावें लागतें.

पूर्णेच्या कांठीं एका गांवीं एकाच घरांत आम्हांस दोन पदकें पाहावयास मिळालीं. एक १८५७-५८ चें, 'सेंट्रल इंडिया' पट्टीसह, पण फीत किरमिजी-निळी. दुसरें १८५४ चें, पट्टी नाहीं, फीत नाहीं, काळ्या करगोट्यांत ओंवलेलें. तें लहान मुलांच्या गळ्यांत दृष्ट लागूं नये म्हणून घालीत. एका परिचित संग्राहकानें पहिल्या पदकाविषयीं असा अभिप्राय दिला होता कीं, फीत चुकीची म्हणून पट्टीही संशयास्पद. आम्हीं फीत काढून उलगडली. पट्टी फितीच्या पुढें असते, म्हणून तिच्या मागच्या फितीवर ऊन लागत नाहीं व तेवढा भाग मूळच्या रंगाचा राहतो. फितीवर पट्टीची जणूं सावली उमटते. या फितीवर सावली होती, पण तिचीं टोकें सरळ होतीं. पुढच्या पट्टीचीं टोकें तर मत्स्यपुच्छाचीं. म्हणजे ही फीत पुष्कळ वर्षें सरळ टोकांच्या पट्टीमागें राहिलेली, अर्थात् दुसऱ्या पदकाची. आणि त्या पदकास पूर्वीं पट्टी होती, हेंही त्याच सावलीवरून सिद्ध झालें. दोन्ही फितींची रुंदी एकच असल्यामुळें अदलाबदल सहज घडली. पहिल्या पदकाची पट्टी नखीशीं व कमानीशीं सारखीच झिजलेली होती, सांध्यावरचीं फुलें हललेलीं नव्हतीं, ती मूळचीच. दुसऱ्याच्या कडेवर शिपायाचें नांव व कंटिंजंट हीं अक्षरें वळणदार कोरीव लिपींत होतीं, तेव्हां हरवलेली पट्टी बहुधा ब्रह्मदेशाचीच. त्या घरीं फीत बदलून 'बरोबर' पांढरी-लाल फीत विकत आणली असती तर हा सर्व पुरावा नाहींसा झाला असता, व घरच्या दोन पिढ्यांपैकीं एकीची नोकरी कायमची पुसली गेली असती.

फितीच्या धाग्याविषयीं. जुन्या फिती रेशमी. आधींच सुटलेला एखादा धागा असेल तरच, तो चिमट्यांत धरून ज्योतीस लावावा. रेशीम केंस जळाल्यासारखा वास देतें व त्याची राख बोटांत चुरडते. कृत्रिम रेशीम कागदासारखें जळतें. तें फितींत पहिल्या महायुद्धानंतर पसरलें. नायलॉन व त्यानंतरचे धागे वितळून कठीण मणी होतो. ते दुसऱ्या महायुद्धापूर्वीं फितींत असणें शक्य नाहीं. हा पुरावा नाकारण्याचा आहे, स्वीकारण्याचा नव्हे; कारण रेशमी फिती विसाव्या शतकांतही विकल्या जात, व १९२० सालची रेशमी फीत १८५८ च्या पदकावर बसूं शकते. अतिनील किरणांचा दिवा अंधाऱ्या खोलींत धरला असतां पांढरा पट्टा निळसर झळाळला तर आधुनिक उजळ द्रव्याचा संशय घ्यावा. परंतु तेंच द्रव्य कपडे धुण्याच्या पुडींत असतें, आणि घरच्या बायकांनीं सणाच्या दिवशीं फीत धुऊन वाळत घातलेली असली तर दीडशें वर्षांची फीतही झळाळते. अशा वेळीं लाल पट्ट्याचा रंग पांढऱ्यांत उतरला आहे काय, व शिवणीच्या टांक्यांभोंवतीं फीत आंखडली आहे काय, हें पाहावें.

सोनाराच्या झाळीविषयीं एवढेंच कीं ती शोधतांना नखीच्या दोन्ही बाजूंस चकतीची कड नीट पाहावी. टांकसाळीची नखी खिळीनें बसविलेली असून कडेवर पसरत नाहीं. घरगुती झाळ पसरते, व पुष्कळदां कडेवरील नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें तिच्याखालीं जातात. तीं दिसावीत म्हणून झाळ खरवडूं नये; दिवा तिरपा धरून छायाचित्र घ्यावें. रिठ्याच्या पाण्यानें किंवा रांगोळीनें पदक घांसण्याची आमच्याकडे जी चाल आहे तिनें कडेवरचे लेख सर्वांत आधीं जातात.

टिपण करतांना प्रथम पदक जसें मिळालें तसें, फीत न काढतां, दोन्ही बाजूंनीं टिपावें. नंतर फितीची रुंदी, पट्ट्यांचा क्रम खालून वर, पट्टीच्या टोकांचा आकार, टांगणी फिरती कीं घट्ट, आणि शेवटीं कडेवरचा लेख अक्षरशः, त्यांतील संक्षेप न फोडतां. संक्षेप फोडण्याची घाई येथें विशेष घातक आहे. कडेवर पलटणीचा अंक एक ते सहा यांपैकीं असून पुढें हैद्राबाद कंटिंजंट असें असेल, तर लेख १९०३ पूर्वींचा. ९४ ते ९९ यांपैकीं अंक असेल, तर त्यानंतरचा. 'रसेल्स' हें नांव असलेल्या पलटणी ९४ व ९५ या दोनच. ९६ वी बेरार, ९७ वी व ९९ वी डेक्कन. कंटिंजंटच्या रिसाल्यांचे अंक निराळे आहेत : पहिला २० वा डेक्कन हॉर्स, दुसरा २९ वा लान्सर्स, चौथा ३० वा लान्सर्स, व तिसरा मोडून इतरांत वांटला गेला. तेव्हां कडेवर तिसऱ्या रिसाल्याचें नांव असलेलें पदक ज्याच्या घरीं असेल त्यानें १९०३ नंतरच्या याद्यांत त्या नांवाचा रिसाला शोधीत बसूं नये. तें माणूस इतर तीन रिसाल्यांच्या कागदांत शोधावें.